आजीची मराठी परत आली आणि लेक घर सोडायचे म्हणते आहे

अष्टागर

नमस्कार. मी येथे अनेक वर्षे वाचत आले आहे, पण धागा प्रथमच काढते आहे. विषय खासगी आहे. ज्यांच्याशी मराठीत मोकळेपणाने बोलता येईल अशी माणसे माझ्या आसपास आता फार उरलेली नाहीत, म्हणून येथे लिहिते.

मी बेने इस्रायल, म्हणजे कोकणातल्या मराठी बोलणाऱ्या यहुदी समाजातली, ठाण्यात वाढलेली. १९९४ साली, वयाच्या २२ व्या वर्षी, आई-वडिलांबरोबर इस्रायलला आले आणि तेव्हापासून अश्दोदमध्ये राहते. माझी मुलगी १५ वर्षांची आहे. तिच्या वडिलांचे घराणे मोरोक्कोतून आलेले. त्यामुळे पेसाह हा वसंतातला यहुदी सण संपला की वडिलांच्या घरी मिमुनाचा सण आणि आमच्याकडे नवस फेडायचा असला की एलियाहू हन्नबी या प्रेषिताच्या नावाचा गोड पोह्यांचा मलीदा, या दोन्हींत ती सारख्याच हक्काने वाढली. घरात बोलणे हिब्रूतच होत असे. मराठीतले तिला ‘ये’, ‘बस’, ‘जेवलीस का’, ‘गोड’ एवढे कळते. मी तिला मराठी शिकवली नाही. आधी नोकरी होती, मग कंटाळा होता, आणि नंतर वाटले की आता उशीर झाला.

मागच्या पेसाहनंतर आमचा घटस्फोट झाला. भांडणतंटा फारसा नव्हता, तरी धार्मिक न्यायालयात ‘गेट’चा, म्हणजे धार्मिक घटस्फोटाचा, दाखला हाती घेऊन मी घरी आले त्या रात्री मुलगी जेवली नाही. तिचे वडील बीरशेबाला राहायला गेले. माझ्या वडिलांच्या निधनानंतर आई एकटीच राहत होती आणि दोनदा गॅस सुरू ठेवून बाहेर गेली होती, म्हणून दोन महिन्यांनी मी तिला माझ्याकडे आणले. म्हणजे एकाच उन्हाळ्यात मुलीच्या घरातून बाप गेला आणि आजी आली. त्या वेळी मला ही सोय वाटली होती.

आई ७८ वर्षांची आहे. तिला अल्झायमर असल्याचे निदान होऊन तीन वर्षे झाली. ती अलिबाग तालुक्यातल्या एका खेड्यात जन्मली आणि लग्नानंतर ठाण्याला आली. हिब्रू ती ४७ व्या वर्षी, येथे नव्याने येणाऱ्यांसाठीच्या भाषावर्गात शिकली. बाजार, दवाखाना आणि नात एवढ्यापुरती ती भाषा तिला पुरत असे. नातीशी ती जे हिब्रू बोलायची त्याचा हेल पुरता कोकणी होता आणि मुलीला तेच फार आवडायचे. ती हिब्रू आता गेली. आधी आकडे गेले, मग वार गेले, आणि या वर्षी वाक्येच गेली. उरली ती मराठी, तीही ठाण्याची नव्हे, तिच्या माहेरची. ‘विहीर’ला ती ‘हीर’ म्हणते. ते बोलणे मी पन्नाशीत पहिल्यांदा ऐकते आहे.

नातीला ती ओळखत नाही. तिला ‘धाकली’ म्हणते. धाकली म्हणजे आईची पाठची बहीण, जी लहानपणीच वारली. मी प्रत्येक वेळी सांगते, “आई, ही धाकली नाही, माझी मुलगी आहे.” आई ओशाळते, मुलगी खोलीत निघून जाते.

मुलांच्या ताब्याबाबत न्यायालयाने नेमलेली समाजसेविका गेल्या आठवड्यात मुलीशी बोलली. मुलीने सांगितले की तिला वडिलांकडे राहायचे आहे, कारण “त्या घरात मी कोणाचीच नाही.” हे वाक्य मला समाजसेविकेकडून कळले, मुलीकडून नाही.

मी तिला जाऊ द्यावे का? आजीची ही शेवटची वर्षे आहेत. आज मुलगी वडिलांकडे गेली आणि पुढे आयुष्यभर तिला त्याची बोच लागली, तर मी आई म्हणून कमी पडले असे होईल. आणि अडवले, तर तिच्या मनात आजीविषयी जे उरले आहे तेही जाईल. ज्यांच्या घरात असे घडले आहे त्यांनी कृपया लिहावे.

गोदाकाठ

ताई, आपला धागा दोनदा वाचला. मी निवृत्त शिक्षक आहे, नाशिकला असतो. माझ्या वडिलांचा स्मृतिभ्रंश आम्ही नऊ वर्षे घरीच सांभाळला आणि त्या काळात माझी दोन्ही मुले शाळेत होती. माझे मत स्पष्ट सांगतो, ते आपल्याला कठोर वाटले तर क्षमा असावी. मुलीला या वेळी घराबाहेर जाऊ देऊ नये. आजारी माणसाच्या उशाशी बसण्याने जे शिकायला मिळते ते दुसरीकडे मिळत नाही. माझा थोरला मुलगा रोज संध्याकाळी आजोबांना ओट्यावर घेऊन बसे. आज तो स्वतः बाप आहे आणि आजही त्या संध्याकाळींबद्दल बोलतो. पंधराव्या वर्षी आपल्याला काय हवे हे मुलांना कळतेच असे नाही.

दोन_घरे

गोदाकाठ काका, आपल्याबद्दल आदर ठेवून मी वेगळे मत मांडते.

मी २१ वर्षांची आहे. माझे बाबा कोल्हापूरचे, आई जर्मन, आणि मी श्टुटगार्टजवळ वाढले. मी १४ वर्षांची असताना आईबाबा वेगळे झाले आणि त्याच वर्षी कोल्हापूरच्या आजोबांची स्मृती जाऊ लागली. मराठी लिहायला मी नंतर, स्वतःच्या इच्छेने शिकले. चुका असतील तर सांभाळून घ्यावे.

आपल्या मुलाला आजोबांशी बोलता येत होते, काका. मला येत नव्हते. दर रविवारी बाबा फोन माझ्यासमोर धरायचे आणि पडद्यावरचे आजोबा मला न कळणारे काहीतरी बोलून रडायचे. बाबा म्हणायचे, “त्यांचे तुझ्यावर फार प्रेम आहे.” मला ते प्रेम दिसत नव्हते. मला एक रडणारा म्हातारा माणूस दिसत होता आणि त्याचे कारण मीच आहे असे वाटत होते. आजोबा काय बोलत होते हे मी बाबांना विचारले ते दोन वर्षांनी. ते म्हणत होते की हिला चप्पल द्या, उन्हात उभी आहे.

अष्टागर ताई, तुमच्या मुलीच्या आयुष्यात त्या वर्षी जे जे बदलले त्यातले काहीच तिच्या हातात नव्हते. घटस्फोट तिला विचारून झाला नाही, आजी तिला विचारून घरी आली नाही, आणि तिचे नावही आजीने बदलून टाकले. कुठे राहायचे एवढा एकच प्रश्न तिला कोणीतरी विचारला, आणि तोही परक्या बाईने. तिने दिलेले उत्तर आजीविरुद्ध आहे असे मला वाटत नाही.

एक विनंती आहे. ‘आजीची शेवटची वर्षे’ हे कारण तिच्यासमोर मांडू नका. मी त्या कारणासाठी एक सुटी कोल्हापुरात काढली आणि परत येताना विमानात मला स्वतःचा फार तिरस्कार वाटत होता, कारण मला सुटल्यासारखे वाटले होते.

निशिगंध

मी पुण्यात वृद्धांसाठी चालणाऱ्या बाह्यरुग्ण विभागात काम करणारी डॉक्टर आहे. प्रत्यक्ष तपासल्याशिवाय सल्ला देणे योग्य नाही, म्हणून सर्वसाधारण माहिती तेवढी लिहिते.

हिब्रू जाऊन मराठी उरणे हे आमच्या अनुभवात नेहमीचे आहे. अल्झायमरमध्ये मेंदूचा जो भाग नव्या आठवणी साठवतो त्याला सुरुवातीलाच इजा होते, त्यामुळे अलीकडचे आधी जाते आणि बालपणीचे सर्वांत उशिरा जाते. मोठेपणी शिकलेली भाषा पुसट होऊन माणूस मातृभाषेकडे, कधी कधी थेट माहेरच्या बोलीकडे परततो. कानडी माहेरच्या आणि ५० वर्षे पुण्यात संसार केलेल्या आजी आमच्याकडे येतात आणि सुनेला त्यांचे एक अक्षर कळत नाही. म्हणजे आपल्या आईंनी नातीला दूर लोटलेले नाही. ज्या भाषेत त्या दोघी एकमेकींशी बोलत होत्या ती भाषा आजाराने नेली. हे मुलीला कोणीतरी तिच्या भाषेत, चित्र काढून समजावून सांगितले पाहिजे. १५ वर्षांच्या मुलीला मेंदूचे चित्र नीट कळते. आम्ही लहान मुलांना ‘आजी आता विसराळू झाली’ असे सांगतो, पण या वयात तेवढ्याने भागत नाही.

ता. क. अनेकजण विचारतात म्हणून लिहिते. जास्त भाषा आल्याने मेंदूवर ताण येऊन आजार होतो, हा समज चुकीचा आहे. हैदराबादच्या निझाम्स वैद्यकीय संस्थेत ६४८ रुग्णांची पाहणी झाली आणि ती २०१३ साली प्रसिद्ध झाली. तीत दोन भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झालेली आढळली, निरक्षर माणसांतही. तेव्हा आपल्या आईंनी ४७ व्या वर्षी घेतलेले कष्ट फुकट गेले असे मानू नका.

दोन व्यावहारिक गोष्टी. पहिली, बिघाड काही दिवसांत अचानक वाढला तर तो आजाराचाच पुढचा टप्पा आहे असे गृहीत धरू नये. वृद्ध स्त्रियांत लघवीच्या संसर्गाने असा गोंधळ वारंवार होतो आणि तो उपचाराने उतरतो. ब-१२ आणि थायरॉइड तपासलेले नसेल तर तपासून घ्यावे. दुसरी, “ही धाकली नाही” अशी दुरुस्ती करणे थांबवून पाहा. दुरुस्तीने आठवण परत येत नाही, आपण चुकलो एवढीच लाज मागे राहते, आणि तुमच्याच वर्णनात ती लाज दिसते आहे. मात्र मुलीने धाकलीच्या नावाला ओ द्यावी की नाही हे मुलीने ठरवायचे आहे. तिच्यावर ते लादू नये.

खडूफळा

मी साताऱ्याजवळ माध्यमिक शाळेत शिकवते. मला एकच विचारायचे आहे. शाळेतून आल्यापासून तुम्ही घरी येईपर्यंत मुलगी कोणाबरोबर असते?

अष्टागर

खडूफळा, आपला प्रश्न वाचून मी बराच वेळ उत्तर लिहू शकले नाही.

राष्ट्रीय विमा संस्थेकडून आईला आठवड्याचे ठरावीक तास मदतनीस मिळते. ती बाई सकाळी येते आणि तीन वाजता जाते. मुलगी साधारण तीन वाजता शाळेतून येते. मी साडेसहाला पोचते. मधले साडेतीन तास दोघी घरात असतात. ‘एकमेकींना सोबत होते’ असे मी सगळ्यांना सांगत असे.

काल रात्री मी मुलीला विचारले की तीन ते साडेसहा काय होते. ती म्हणाली, “काही नाही.” मी तिच्या पलंगाच्या कडेला बसून राहिले. मग तिने भ्रमणध्वनी काढून मला एक ध्वनिमुद्रण ऐकवले. चार महिन्यांपूर्वीचे. त्या दिवशी तिला मैत्रिणीकडे जायचे होते, तेव्हा आजी दाराला पाठ लावून उभी राहिली आणि तिचा दंड धरून ओरडू लागली. मला दाखवण्यासाठी मुलीने ते मुद्रित केले आणि मग दाखवलेच नाही, कारण मी आधीच थकलेली होते. त्यानंतरही असे अनेकदा झाले. “आजीला मी आवडत नाही, ती मला शिव्या देते, आणि तू आलीस की ती शांत होते, म्हणून मला वाटले की मीच काहीतरी करते आहे,” असे ती म्हणाली.

मी ते मुद्रण ऐकले. आई ओरडत होती, “धाकले, हिरीवर एकली जाव नको बाय! पाय सरकंल! थांब, मी येतंय!”

आईची धाकटी बहीण तापाने गेली असे आम्हाला नेहमी सांगितले गेले होते. ते खरे की विहिरीचे खरे, हे आता सांगणारे कोणी नाही. पण शिवी त्यात एकही नव्हती. मी मुलीला प्रत्येक शब्दाचे हिब्रू करून सांगितले. ‘बाय’ या शब्दापाशी मी अडकले, कारण त्याला हिब्रूत शब्द सापडेना. आमच्या अष्टागरात, म्हणजे अलिबागच्या किनारपट्टीत, थोरले माणूस लेकीला, नातीला, सुनेला ज्या मायेने बाय म्हणते ते कसे सांगावे? शेवटी म्हटले, आजी तुला लहानपणी कुशीत घेऊन जे म्हणायची तेच. तिने ते मुद्रण पुन्हा लावले. एकूण पाच वेळा ऐकले असेल.

हे सगळे मला माझ्याच भाषेत, माझ्याच घरात घडत असताना कळले नाही.

गोदाकाठ

ताई, मी माझे पहिले म्हणणे मागे घेतो. माझ्या मुलाबरोबर ओट्यावर त्याची आईही असे, हे मी लिहायचे विसरलो, आणि तोच महत्त्वाचा भाग होता. १५ वर्षांच्या मुलीवर रोज साडेतीन तास हा भार असू नये. मदतनिसाची वेळ दुपारकडे सरकवता येईल का ते कृपया पाहावे.

खाडीकाठ

शालोम, बहिणी. मी ठाण्याचीच, आपल्याच समाजातली, अजूनही येथेच राहते. १८७९ साली बांधलेल्या आपल्या सिनेगॉगमध्ये आता मोजकीच घरे येतात, तरी सणावाराला दिवा लागतो.

माझ्या सासूबाई याच आजाराने गेल्या. मला दिसले ते एवढेच की बोलणे संपल्यावरही हात बरेच काही जाणतात. सासूबाईंना माझे नाव आठवत नसे, पण दारातून जाताना चौकटीवरच्या मेझुझाला, म्हणजे प्रार्थनेच्या डबीला, बोटे लावून ओठांशी नेणे एकदाही चुकले नाही. ‘शेमा’ची प्रार्थना सुरू केली की उजवा हात आपोआप डोळ्यांवर जाई. मलीद्याचे पोहे समोर ठेवले की त्या निवडू लागत, भिजवू लागत, आणि खोबरे किती घालायचे ते हातानेच दाखवत. दोघी गप्प राहूनही अर्धा तास बरा जाई. तुमच्या घरी आईंची विळी आहे का? असेल तर तुम्ही स्वतः शेजारी बसून, पाते सांभाळून, हे करून पाहा. मुलीला बोलावू नका. तिला यावेसे वाटले तर ती येईल.

दोन_घरे

मला हे पटले, विशेषतः शेवटची दोन वाक्ये.

आणि समाजसेविकेशी मुलगी जे बोलली त्याबद्दल तिला जाब विचारला जाऊ नये, असे मला वाटते. बालहक्कांच्या १९८९ च्या आंतरराष्ट्रीय कराराच्या १२ व्या कलमात मुलाला स्वतःशी संबंधित निर्णयांत आपले मत मांडण्याचा हक्क दिलेला आहे आणि इस्रायलने तो करार १९९१ मध्ये स्वीकारला आहे. माझ्या वेळी न्यायाधीशांनी मला विचारले होते. माझे म्हणणे सगळे मान्य झाले नाही, पण कोणीतरी ते कागदावर लिहून घेताना मी पाहिले, आणि तेवढ्याने मी त्या रात्री झोपले.

अष्टागर

सहा आठवड्यांनी लिहिते आहे. आपण सर्वांनी वेळ काढून उत्तरे दिलीत, त्याबद्दल मनापासून आभार.

आईच्या लघवीत संसर्ग निघाला. औषधाने संध्याकाळचा आरडाओरडा पुष्कळ कमी झाला, पूर्ण गेला नाही. आता ती सकाळी दिवसभराच्या केंद्रात जाते आणि मदतनीस दुपारी दोन ते सात येते. यासाठी बरेच अर्ज करावे लागले, त्यात तीन आठवडे गेले.

मुलीने निर्णय बदललेला नाही. शाळेच्या दिवसांत ती बीरशेबाला वडिलांकडे राहील. शुक्रवारी दुपारनंतर बस बंद होतात, त्याआधी येथे येईल आणि रविवारी पहाटे परत जाईल. मी समाजसेविकेला माझी संमती लिहून दिली. ती लिहिताना मला आनंद झाला असे मी म्हणणार नाही.

खाडीकाठ, आईची विळी ठाण्याहून आमच्याबरोबर आली होती आणि ती वरच्या फळीवर कागदात गुंडाळून होती. दोन शुक्रवार आम्ही दोघीच बसलो. तिसऱ्या शुक्रवारी मुलगी दारात उभी राहून पाहत होती. आईने मान वर केली आणि नारळाची रिकामी वाटी तिच्याकडे सरकवली. आई म्हणाली, “धाकले, पानी आन.” मी दुरुस्त करायला तोंड उघडले आणि मिटले. मुलीने पाणी आणले. धाकलीला ओ दिली नाही, पण पाणी आणले आणि आईच्या उजव्या हाताला, तिला सहज घेता येईल असे ठेवले.

आता फ्रिजवर एक कागद लावलेला आहे. त्यावर मुलीने हिब्रू अक्षरांत मराठी वाक्ये लिहून घेतली आहेत आणि प्रत्येकासमोर ते कधी म्हणायचे तेही लिहिले आहे. ‘घाबरू नकोस’, ‘मी इथेच आहे’, ‘पाय सरकणार नाही’. हे तिसरे तिने स्वतः मागून घेतले.

मागच्या रविवारी निघताना तिने विचारले की ‘मी जाते’ला मराठीत काय म्हणतात. मी सांगितले की घरातून निघताना आपण ‘जाते’ म्हणत नाही, ‘येते’ म्हणतो. तिला ते चुकीचे वाटले. तिने मला दोनदा विचारून खात्री करून घेतली, की जाताना खरोखर ‘येते’ म्हणायचे? मग कागदावर चौथी ओळ लिहिली आणि पाठीवर पिशवी घेऊन आईच्या खाटेपाशी गेली. आई जागी होती. मुलगी म्हणाली, “येते हं.” आई म्हणाली, “ये बाय, सावकाश ये.”